जेवणघराच्या दिव्यातला कोंबडा

ड्वेनदादास,

धाकट्या लोरेनचा शिडीवरूनच नमस्कार. तुझा गुडघा, वहिनीची साखर आणि फिनिक्सचं ऊन, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा. इकडे मिनेसोटात आई ठणठणीत आहे. सत्त्याऐंशीव्या वर्षीही जेवणघरातल्या दिव्याला शंभरचाच बल्ब लावते (आत 'साठच्या वर नको' अशी चिठ्ठी आहे; आईच्या मते ती भित्र्या लोकांसाठी).

परवा त्या दिव्यातून करपल्याचा वास आला, म्हणून छताचे चारही जुने दिवे उतरवायला घेतले. १९७६ साली ते तूच दुरुस्त केलेस. दर थँक्सगिव्हिंगला टर्की कापताना तू सांगतोसच, 'असं काम आता कोणी करत नाही.' खरं आहे दादा, कोणी करत नाही. वीज बंद करून (दोनदा, पहिल्यांदा फ्रिजचीच केली) मी काचेचा वाडगा सोडवला, मेलेल्या माश्या झटकल्या आणि पितळी झाकण खाली घेतलं. बल्बची धग वायरींना लागू नये म्हणून तिथे एक गादी असते. मूळची, भुगा झालेली गादी तू फेकलीस हे ठाऊक होतं. तिच्या जागी काय घातलंस, ते अठ्ठेचाळीस वर्षांनी माझ्या नाकावर पडलं. आईचं जाड फडकं! ओव्हनमधलं गरम भांडं धरायला तिनं शिवलेल्या सहांपैकी एक, वर लाल कोंबडा भरलेला. कोंबडा पार तपकिरी झाला होता. चार दिव्यांत चार निघाले.

आता आठव, ती सहा फडकी नाहीशी झाली तेव्हा संशय कोणावर आला. समोरच्या हिल्डाकाकूवर! चर्चच्या जेवणाला काकू ती हातात घेऊन न्याहाळत होती, असं कोणीतरी आईच्या कानावर घातलं होतं. तोवर दोघी एकमेकींच्या स्वयंपाकघरात न विचारता शिरणाऱ्या. आपल्या गावात भांडायची रीत नाही, त्यामुळे आई भांडली नाही. ती नुसती सभ्य वागायला लागली. अठ्ठेचाळीस वर्षं सभ्यपणा! वाढदिवसाला केक, बर्फ पडला की 'सांभाळून हो गं', आणि तिच्या उंबऱ्याच्या आत एक पाऊल नाही. आपलं काय चुकलं, ते त्या बिचारीला अजून कळलेलं नाही. येत्या शनिवारी ती घर विकून फार्गोला लेकीकडे चालली आहे, कायमची.

काल मी शिडीवर असताना आईनं खालून विचारलं, "काय गं, काय निघालं?" मी कोंबडा सदऱ्यात कोंबला आणि म्हटलं, "कचरा." तर म्हणते, "माझ्या ड्वेनच्या कामात कचरा? शक्यच नाही."

तेव्हा शनिवारच्या आत आईला फोन कर आणि कबूल हो. मला फार वाईट वाटतंय रे. दिव्यांत आता खरी गादी घातली आहे, काचतंतूंची, बल्बकडच्या बाजूला चंदेरी कागद असलेली. तिच्यामुळे अंगाला अशी खाज सुटली आहे की पत्रही एका हातानं लिहिते आहे.

तुझी,
लोरेन

ता. क. 'तूच का सांगत नाहीस?' असं विचारशील. 'लवकर न जळणारं काहीतरी आण' असं तू शिडीवरून ओरडलास तेव्हा ओव्हनशेजारच्या खणातून ती फडकी कोणी काढून दिली, ते विसरला असशील तर विसरलेलाच राहा. आणि आईच्या कानावर घालणारं ते 'कोणीतरी' बारा वर्षांचं होतं, नाव लोरेन.

ता. क. २. पोस्टाचं तिकीट शोधायला माडीवर गेले, खाली येते तो आई चष्मा लावून हे पत्र वाचत बसलेली. चारही कोंबडे उचलले, कोट चढवला आणि रस्ता ओलांडून गेली. फोन करू नकोस.

ता. क. ३. तासाभरानं मला शिडीसकट तिकडे बोलावणं आलं. त्याच उन्हाळ्यात काकूचेही दोन दिवे तू दुरुस्त केले होतेस, हे टर्की कापताना कधी बोलला नाहीस! उरलेले दोन कोंबडे तिच्या छतात निघाले. आई खालून म्हणाली, "बघ हिल्डा, मी म्हणतच होते, तुझ्याच घरात आहेत!" काकू हसता हसता रडायला लागली, मग आईही, मग शिडीवर मीही. वाटणी झाली आहे: तीन कोंबडे इकडे, तीन फार्गोला. थँक्सगिव्हिंगला जरूर ये. काकूही येणार आहे, आईनं बोलावलंय. टर्की त्या दोघी कापणार आहेत. तू फक्त ऐकायचं.