डाल्टन कड्यात थांबत नाही

प्रिय एमेटदादा,

तुझ्या गुडघ्याला आता आराम असेल, असं धरून लिहिते. इथे टेक्सासात सगळे मजेत. फक्त डाल्टनच्या बरगडीला थोडा मार लागलाय, मोडलेली नाही.

माझा हा नातू फुटबॉलमध्ये तुझ्यासारखाच क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा, पण समोरच्या टीमचे अंगावर आले की आपल्या धिप्पाड पोरांनी त्याला वाचवायला भोवती धरलेलं कडं सोडून पळत सुटतो. सरावात लाल जर्सीतल्या क्वार्टरबॅकला कुणी पाडत नाही, म्हणून तिथे सगळं सोपं वाटतं. शुक्रवारच्या सामन्यात तिघांनी त्याला आपटलं. मी कोचना म्हटलं, "सामन्यातही लालच घालू द्या की!" ते हसले. "आजी, मग सगळी टीमच लाल मागेल!"

तू कड्यातच अर्धं पाऊल सरकायचास, नजर लांब ठेवून चेंडू फेकायचास. मी जपमाळ ओढत बसायचे. डाल्टनला हे सांगितलं, तर म्हणाला, "एमेट आजोबांना भीती नाही वाटायची?" मी ठामपणे नाही म्हटलं. तो उठून आपल्या खोलीत निघून गेला.

वहिनी नीट जेवतात ना?

दादा, सामन्याआधी तू शाळेमागे जाऊन ओकायचास, हे फक्त मला ठाऊक आहे. या शुक्रवारच्या आत त्याला फोन कर आणि ते सांग.

तुझी धाकटी,
रोझलिन