केमिस्ट्री सोड, काही होत नाही

डाल्टन,

मी बहिणीकडे चाललोय. फोन करू नकोस. तुझा कुस्तीचा ड्रेस ड्रायरमध्ये आहे, आठवणीने काढ. फ्रिजमधल्या पिझ्झाला हात लावू नकोस, तुला वजन उतरवायचंय. मला आता नाही.

सकाळी हॅगर्टी मॅडमनी बोलावलं होतं. खेळाडूंच्या अभ्यासाचं त्याच बघतात. केमिस्ट्री सोडल्यामुळे माझे बारा क्रेडिट भरत नाहीत, आणि ते भरले नाहीत तर मॅटवर पाय ठेवता येत नाही, म्हणाल्या. मी म्हटलं, हे मला कुणी सांगितलंच नाही. त्यावर त्या म्हणाल्या, "अरे, मग रूममेटला तरी विचारायचंस! गेल्या वर्षी तो स्टॅटिस्टिक्स सोडायला निघाला होता, तेव्हा हेच मी त्याच्या डोक्यात घातलं होतं."

तुलाच तर विचारलं होतं, बाबा. ह्याच टेबलावर. "सोड रे बिनधास्त, काही होत नाही," म्हणालास आणि वर माझ्या ताटातलं चिकन उचललंस. आपल्या वजनगटात टीमकडून एकच जण उतरतो, हे तेव्हा माझ्या टाळक्यात आलं नाही. तुझ्या बरोब्बर आलं.

शनिवारी आईबाबा माझी कुस्ती बघायला ड्युबुकहून येतायत. मी त्यांना काही कळवलेलं नाही. आधी इथेच येतील. आई नेहमीसारखा तुझ्यासाठी वेगळा ॲपल पाय आणेल.

दार तू उघड. मी का खेळत नाही, तेही तिला तूच सांग.

एझ्रा