बिनधुराची भट्टी

उरण,
२ नोव्हेंबर १९६२

प्रिय दयाराम,

अनेक आशीर्वाद. जेवण जातंय का, झोप लागते का, ते आधी कळव. ठमीआत्याचा गुडघा वळतो का आता? सदाभावोजींचा खोकला गेला, की अजून तुमच्या सगळ्या चाळीला तेच पहाटे उठवतात? इथे शेजारच्या येसाजीचा दमा दिवाळीच्या धुराने उसळला, पण जीभ शाबूत आहे. मी बरा. पाऊस संपला म्हणून मिठागराचे बांध घालायला घेतलेत. तुझी आई चालतीफिरती आहे, पण घास तिच्या घशाखाली उतरत नाही.

तुझं या वेळचं पत्र मी तिला अर्धंच वाचून दाखवलं. छातीवरच्या बिल्ल्यातली फिल्म काळी निघाली, साहेबांनी कामावरून बाजूला केलं, दर आठवड्याला रक्त काढतात, इतकं वाचलं. पुढचं गिळलं. रेवदंड्याला निरोप धाडा, सत्यवतीला दुसरं स्थळ बघू द्या, माझ्या पोटी धड मूल होईल याचा भरवसा नाही, हे त्या माऊलीला कोणत्या तोंडाने वाचून दाखवू? ती तर होणाऱ्या सुनेसाठी हिरवी चोळी शिवून बसली आहे.

तू अणुभट्टीवर लागलास तेव्हा गावाने किती हसवलं, आठवतं? आपल्याला भट्टी ठाऊक दोनच, एक चुन्याची, दुसरी दारूची. येसाजी पारावर ओरडला होता, "दारूबंदीत सरकारनंच भट्टी लावली व्हय! दयारामला सांग, एक बाटली बापाला धाड!" तुझ्या आईने तर भाजलेल्या हातांना लाव म्हणून खोबरेल पाठवलं. तू म्हणालास, आई, तिथे जाळ दिसत नाही, धूरही नाही. ती म्हणाली, "धूर न्हाय ती भट्टी कसली?" मी हसलो होतो. आता बांधावर उभा राहून खाडीपलीकडे तुर्भ्याला तुझ्या भट्टीकडे बघतो आणि तिचंच खरं वाटतं. धूर दिसला तर माणूस पळेल तरी.

मी चौथी शिकलेला, पण पेपर ओळ न ओळ वाचतो. आमच्या आजांच्या काळी ज्याचा किल्ला त्याची खाडी. मग ज्याच्या बोटीवर मोठी तोफ, त्याचा समुद्र. आता म्हणे ज्याच्याजवळ ही भट्टी, त्याची दुनिया. परवा कुठल्याशा बेटावरून रशिया आणि अमेरिका इतके हातघाईवर आले, की ते बेट कुठे आहे हे ठाऊक नसूनही आम्ही चावडीच्या रेडिओपुढे घामाघूम झालो. वर चीन बर्फातून खाली उतरतोय. दोन रेड्यांच्या झुंजीत कुंपणाचा चुराडा, तसं आपलं. कोणी पहिला बॉम्ब टाकला तर कुठे टाकील? चुन्याच्या भट्टीवर नाही टाकणार. विमान गेलं की मी तुर्भ्याकडे बघतो आणि मनात तुझं नाव घेतो.

आता जे लिहायला बसलो ते लिहितो. गणपतीला आलास तेव्हा बिल्ला चुकून सदऱ्यावरच राहिला होता. तू म्हणाला होतास, तो न दिसणारा जाळ अंगाला लागला की आतली फिल्म काळी पडते. सदरा वाळत घातला होता, तू आंघोळीला गेला होतास. माझ्या मनाने घेतलं, पोराला जाळ लागलाय का बघू. भर उन्हात बिल्ला उघडला, काळा कागद सोडला. फिल्म पांढरट होती! जीव भांड्यात पडला. कागद होता तसा गुंडाळून ठेवला, आणि तुझ्या आईला म्हटलं, आज गोड कर. दसऱ्यानंतर, फिल्म काळी निघाल्याचं तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा, बाजारातल्या फोटोवाल्याला सहज विचारलं, तर तो म्हणाला, काका, उजेड लागलेली फिल्म धुतली की काळीच निघणार.

म्हणजे तुला काही झालेलं नाही, बाळा. मी बघितलं म्हणून ती काळी झाली. हे मला तीन आठवड्यांपासून ठाऊक आहे. साहेबांनी विचारलं, बिल्ला कोणी उघडला का, आणि तू शपथेवर नाही म्हणालास, हेही तू त्याच पत्रात लिहिलं होतंस. तरी मी गप्प राहिलो. वाटलं, बरं झालं, भट्टी सुटली तर पोर घरी येईल, बॉम्ब पडायच्या आधी. तुझ्या भीतीवर मी माझी भीती शेकत बसलो. तू सत्यवतीला सोडायला निघशील हे ध्यानात आलं नाही. रेवदंड्याला निरोप धाडलेला नाही, धाडणारही नाही. हे पत्र आधी साहेबांना दाखव. त्यांना हवं तर मला म्हाताऱ्याला बोलावून घेऊ दे, मी पहिल्या लाँचने येतो. परत भट्टीवर जायचं की नाही ते तूच ठरव, मी आडवा येणार नाही. फक्त रागावला असलास तरी उलट टपाली दोन ओळी लिही, आणि त्यातली एक तुझ्या आईला मोठ्याने वाचून दाखवता येईल अशी लिही.

तुझाच,
बाबा