कोणाच्या बदलातली चूक

१४ ऑक्टोबर

सापडली! तीन आठवडे जिच्या मागे होते ती कोडमधली ओळ सापडली. जुन्या फाइलच्या जागी नवी ठेवायची, तर आधी मजकूर डिस्कवर उतरायला हवा, मग नाव. आमच्या फाइल सिस्टीमच्या एका आडवाटेवर नाव आधी उतरतं. तेवढ्या क्षणात वीज गेली, की नाव शिल्लक आणि आत शून्य!

ही ओळ कोणी लिहिली ते कोडच्या बदलांच्या नोंदीत पाहिलं. सोळा वर्षांपूर्वीची. लिहिणारी — मी.

शेजारच्या टेबलावरून पेइशान म्हणाली, "श्युफांगताई, जेवायला येताय, की भूत बघताय त्या पडद्यात?" गेले. अर्धा वाडगा नूडल्स टाकून परत आले.

१५ ऑक्टोबर

सकाळपासून एकच विचार. अकरा वर्षांपूर्वी आमची फाइल सिस्टीम वापरणाऱ्या एका लोकगीतांच्या संग्रहालयात वीज गेली आणि चारशे ध्वनिमुद्रणं शून्य झाली. चहा खुडताना म्हाताऱ्या बायकांनी म्हटलेली डोंगरातली गाणी. त्या बायका आता कुठे आहेत!

कोडच्या त्या भागाला शेवटचा हात लागला होता लो येनहानचा. माझ्या हाताखालचा, मीच शिकवलेला. बैठकीत आमचे प्रमुख लियाओसाहेब यांनी विचारलं, चूक कोणाची? मी म्हटलं, "शेवटचा बदल येनहानचा आहे."

खोटं नव्हतं. पण त्याच्या आधीचे बदल मी उघडूनही पाहिले नाहीत. महिन्याभरात त्याने राजीनामा दिला. आता शिनपूला वडिलांच्या बागेत पर्सिमनची फळं वाळवतो.

तेव्हाही माझीच ओळ असेल तर?

१७ ऑक्टोबर

अकरा वर्षांपूर्वीचं कर्नल, म्हणजे संगणकप्रणालीचा गाभा, शोधून काढलं. त्यातून येनहानचा बदल काढून टाकला. जुन्या यंत्रावर चढवलं आणि दिवसभर खाली बसून प्लग काढत राहिले. काढायचा, लावायचा, फाइल बघायची. साठ वेळा काही नाही! बरं वाटायला लागलं. लिहायला लाज वाटते, पण वाटलं.

त्रेसष्टाव्या वेळी फाइल शून्य.

१८ ऑक्टोबर

दुरुस्ती चार ओळींची आहे. अवघड आहे ती पाचवी. आमच्यात रिवाज आहे — दुरुस्ती पाठवताना खाली लिहायचं, ही कोणत्या बदलातली चूक सुधारते. त्या बदलावर माणसाचं नाव असतं. जगभरचे लोक वाचतात, आणि ते पुसता येत नाही.

लियाओसाहेबांनी दार लावून घेतलं.

"ती ओळ गाळ."

"मग जुन्या कर्नलवाल्यांना कसं कळणार, की आपल्याकडेही ही चूक आहे?"

"श्युफांग, तुला निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. मला अजून बरीच काढायचीत! संग्रहालयवाले उद्या दारात उभे राहतील."

"राहू देत."

"म्हातारपणी संत व्हायचंय का तुला?"

संत कसली! शाळेत सिस्टर आग्नेस म्हणायच्या — आधी तू काय केलंस ते सांग, कारणं मग ऐकते. मी नेहमी कारणांपासून सुरुवात करायचे.

१९ ऑक्टोबर

ओळ लिहिली. खोडली. पुन्हा लिहिली.

पाठवली नाही. आधी त्याला सांगायला हवं.

२१ ऑक्टोबर

शिनपूला जाऊन आले. वारा असा, की छत्री उघडायची सोय नाही. सगळं अंगण गोल सुपांनी भरलेलं, त्यांत सोललेले केशरी पर्सिमन. येनहान एकेक फळ हलक्या हाताने दाबत फिरत होता. केस पांढरे झालेत त्याचे. मला बघून ओरडला, "अरे! ताई! इतक्या लांबून फळं घ्यायला? फोन केला असता तर पाठवली असती!"

चहा झाला. मग मी सांगितलं. सगळं, उभ्यानेच. आधी काय केलं ते.

तो हसला. "ताई, तुमचा स्वभाव मला ठाऊक आहे. पहिल्या वर्षी माझी चूक साहेबांना कळू नये म्हणून तुम्ही रविवारी येऊन बसला होतात. आताही तेच करताय."

"नाही रे. मी तपासलंय."

"बदल माझा होता. मी लिहिला, मी पाठवला. तुम्हीच तर बैठकीत सांगितलंत."

"चुकीचं सांगितलं."

"बरं, बरं." फळ दाबणं चालूच. "पहिली दोन वर्षं मला झोप नव्हती, ताई. बायको म्हणायची, वेड लागेल. मग पचवलं. चुकलो, सोडलं, इथे आलो. आता या झाडांचं मला कळतं. उगाच कशाला उकरता?"

त्याचा माझ्यावर विश्वासच बसेना! जुनं यंत्र गाडीत होतं. ओट्यावर ठेवलं. म्हटलं, माझं ऐकू नकोस. स्वतः प्लग काढून बघ.

"फळं आवरली की बघतो," म्हणाला. डबा भरून पर्सिमन दिले. पैसे घेतले नाहीत.

२२ ऑक्टोबर

दुरुस्ती पाठवली. पाचव्या ओळीसकट.

२५ ऑक्टोबर

जर्मनीतल्या एकाने तपासून खाली नाव घातलं. दुरुस्ती मुख्य कर्नलमध्ये गेली! माझ्या ओळीबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. लियाओसाहेब दोन दिवस माझ्याशी बोलत नाहीत. संग्रहालयाला मात्र आज स्वतःच पत्र लिहिलं म्हणे. पेइशानने मुकाट्याने माझ्यासमोर मांसगोळ्यांच्या सुपाचा वाडगा आणून ठेवला. सगळा प्यायले.

हलकं वाटतंय. येनहानने एकदा यंत्र लावलं की त्यालाही वाटेल.

२ नोव्हेंबर

येनहानचा निरोप आला —

"चाळीस वेळा प्लग काढला. फाइल गेली. माझ्या बदलाशिवाय गेली. मग ताई, मी का गेलो?"