मूठ दाबली की होडी चालते

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (गुडघ्यामुळे अर्धाच वाकलो आहे, उरलेला भेटीत.) तुझी तब्येत बरी असेल. उजव्या हाताचं मुद्दाम विचारत नाही, कारण मागच्या वेळी विचारलं तेव्हा तू फोनच ठेवलास. भावोजींचा खोकला थांबला का? इकडे घरचे सगळे खुशाल आहेत आणि माझ्यावर नेहमीसारखेच नाराज आहेत.

विद्यापीठाच्या वर्कशॉपमध्ये सत्तावीस वर्षं लेथ चालवल्यावर आता आपल्याला थक्क करणारं काही उरलं नाही, अशा समजुतीत मी होतो. शेवटच्या वर्षाची मुलं दरवर्षी आपापली यंत्रं घेऊन माझ्याकडे येतात, आणि त्यांच्याबद्दलचं माझं मत तुला ठाऊक आहे. मागच्या वर्षी एकानं हरवलेला चष्मा शोधून देणारं ॲप केलं होतं. छान चालायचं, फक्त ते वाचायला चष्मा लागायचा.

यंदा दोघं आली. एक उंच मुलगी, जिला सगळे शिडी म्हणतात, आणि तिचा जोडीदार पुटपुट्या, जो फक्त कॉम्प्युटरशी बोलतो. शिडीनं माझ्यासमोर एका लाकडी मुठीचं चित्र ठेवलं आणि म्हणाली, “काका, ही दाबली की पडद्यावरची होडी पुढे सरकते.” चार वर्षं इंजिनियरिंग शिकून पोरं होड्या खेळणार, असं मनात म्हणत मी मूठ करून दिली.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी त्यांनी मला खेळून बघायला बसवलं. लायब्ररीतल्या बाई (ज्या वर्तमानपत्राची घडी घालतानाही दमतात) माझ्याआधी आरामात पैलतीराला पोचल्या होत्या. मी म्हटलं, आता लेथवाल्याचा हात बघा. पण माझी होडी जागची हलेना. तो खेळ आधी तुमच्या हाताचा जोर मोजतो आणि मग त्याहून थोडासाच जास्त मागतो. मी मोजतानाच सगळा जोर लावून बसलो होतो, आता आणखी थोडा कुठून आणणार? दात-ओठ खाऊन दाबलं, तशी मुठीला मधोमध चीर गेली. शिडी रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती म्हणाली, “काका, हा तुमच्यासारख्या हातांसाठी नाहीये.” दुपारचा डबा तसाच ठेवून मी नवी मूठ करायला घेतली. मग कोणाच्या हातांसाठी, हे विचारायची मात्र लाज वाटली.

ते दुसऱ्या दिवशी कळलं. प्रदर्शनात त्यांच्या टेबलाशी कोणी थांबत नव्हतं. तेवढ्यात पाहुण्यांची गाडी वाटेत उभी आहे हे सांगायला गेटवरचे वॉचमन आत आले. आठ वर्षांपूर्वी जिन्यावरून पडल्यापासून त्यांचा डावा हात निकामी आहे आणि तो ते कायम खिशात ठेवतात. शिडीनं त्यांना बसायला स्टूल दिलं. “ह्या हातात काही उरलं नाही, पोरी,” ते म्हणाले. तिनं आग्रह केला नाही. जरा वेळानं त्यांनीच उजव्या हातानं डावा हात उचलून, परक्याची वस्तू ठेवावी तसा, मुठीवर ठेवला. जोर मोजणारी रेघ हलली की नाही, मला तरी दिसलं नाही. तेव्हा पुटपुट्या आयुष्यात प्रथमच माणसांशी बोलला. “हलली,” म्हणाला, “मी पाहिली.”

आणि ताई, होडी निघाली. जेमतेम स्वतःच्या लांबीएवढी गेली. वॉचमननी वाकून पडद्यामागे बघितलं. “कोण ढकलतंय?”

“तुम्ही,” शिडी म्हणाली.

त्यांनी उजव्या हातानं डावा हात मुठीवर नीट बसवला. मग हळूच म्हणाले, “परत करू?”

प्रदर्शन बंद होईपर्यंत ते उठले नाहीत. गेट बेवारस. रजिस्ट्रार ओरडायला म्हणून आले आणि माझ्याशेजारी उभे राहून बघत बसले. बावीस-बावीस वर्षांची ही पोरं, यांना धड कानस धरता येत नाही म्हणून मी वर्षभर बोलत आलो. ज्या हाताला त्याच्या मालकानंसुद्धा कायमची रजा दिली होती, त्याला त्यांनी कामावर परत बोलावलं. मी टोपी काढून हातात धरली.

पहिलं बक्षीस भिंतीवर चढणाऱ्या यंत्राला मिळालं. (त्याला उतरता येत नाही, अजून वरच आहे.) वॉचमन मात्र गेले सात आठवडे रोज जेवणाच्या सुट्टीत वर्कशॉपमध्ये खेळायला येतात. काल त्यांनी डाव्या हातानं गेटची कडी धरली. उघडली नाही, नुसती धरली, आणि मला हाक मारून दाखवली.

भावोजींना नमस्कार, भाच्याला आशीर्वाद.

तुझा धाकटा

ता. क. – पत्रासोबतच्या खोक्यात एक मूठ आहे, तुझ्या पंजाच्या मापाची. माप कुठून मिळालं म्हणून विचारू नकोस. लहानपणी पाढे चुकले की ते तू माझ्या गालावर नेमानं देत होतीस.

ता. क. २ – भाच्यानं मला सगळं सांगितलं आहे. व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाईंना तू दारातूनच परत पाठवतेस म्हणे. शिडी रविवारी खेळ घेऊन तुझ्याकडे येते आहे, तिला परत पाठवता येणार नाही, फार लांबून येते. माझी बहीण गणिताची मास्तरीण होती, भयंकर खडूस आहे आणि तुझ्या खेळात शंभर चुका काढील, अशी कल्पना मी तिला दिली आहे. ती म्हणाली, असंच कोणीतरी हवंय.

ता. क. ३ – तुझं मागचं पत्र डाव्या हातानं लिहिलेलं होतं. मी ओळखलं, बोललो नाही. याचं उत्तर उजव्यानं लिही. नुसता एक ओरखडा उमटला तरी पाकिटात घालून पाठव, मला वाचता येईल.