ब्रेक सोडला का?

१२ फेब्रुवारी, बुधवार

काल ब्रेक सोडायचा विसरलो!

हे कुणाला सांगणार? साइटवर सुपरवायझर भाऊंच्या कानावर गेलं तर मी आजच्या आज खाली. बायकोला, सुगंधाला सांगितलं तर ती जेवायची नाही. म्हणून ही वही. सिमेंटवाल्याने दिलेली गेल्या वर्षीची डायरी, केबिनमध्ये कोरीच पडली होती.

सकाळी सातला वर आलो तर ब्रेकचा लाल दांडा वरच. म्हणजे क्रेन रात्रभर जखडलेली आणि मी घरी जाऊन बांगड्याचं कालवण ओरपून झोपलेलो! चौदा वर्षं क्रेन चालवतोय. असं कधी झालं नव्हतं.

लोकांना सगळं उलटंच वाटतं. क्रेनचा लांब हात, बूम, रात्री आपोआप फिरताना दिसला की मुलुंडचे लोक घाबरतात – वर कुणी नाही आणि फिरतेय! अरे, फिरते म्हणून तर उभी आहे. उतरताना दांडा खाली ओढायचा, ब्रेक सोडायचा. मग वारा येईल तशी बूम वळते, वाऱ्याला अंगावर घेत नाही. ब्रेक लागलेला राहिला आणि जोराचा वारा आडवा आला, की अख्खी क्रेन उलथू शकते. आमची कुठे पडेल तेही मला माहीत आहे. बरोबर खाली पत्र्याच्या खोल्या आहेत. इथे आधी चाळ होती, तिथली माणसं नवी घरं मिळेपर्यंत त्यात राहतात. तिसरी खोली माणिकची, माझ्या सिग्नलवाल्याची.

काल वारा नव्हता. नशीब, दुसरं काय.

१३ फेब्रुवारी

ब्रेक सोडला. ६.१०. आता रोज लिहिणार. लिहिलं म्हणजे केलं.

२१ फेब्रुवारी

माणिकशी नीट बोलवत नाही. केबिनमधून मला खालचं नीट दिसत नाही, लोड कुठे आहे, कुठे टेकवायचं, सगळं तो जमिनीवरून वॉकीवर सांगतो. "चल रे... हळू... अजून हळू... बस." तीन वर्षं हा आवाज कानात आहे. त्याने बस म्हटलं की मी थांबतो, खाली काय आहे ते विचारत नाही.

आणि हा माणूस उंचीला इतका घाबरतो! एकदा भाऊंनी त्याला कामासाठी दहाव्या मजल्यावर नेलं, तर खांबाला मिठी मारून बसला. दोघांनी धरून खाली आणला. "मी जमिनीवरचा माणूस आहे, यार. मला वर बोलावू नका," म्हणाला. अजून पोरं त्याला खांब दाखवून चिडवतात.

ब्रेक सोडला. ६.०५.

६ मार्च

मी विसरलो कसा, ते आज कळलं. कळून काय उपयोग म्हणा.

सहा वाजता काम थांबतं. हूक वर घेतो, मशीन बंद करतो, आणि मग बसून राहतो. पाच मिनिटं, कधी पंधरा. एका बाजूला खाडी, मिठागरं, ऐरोलीचा पूल. दुसऱ्या बाजूला जंगल, त्यात विहार तलाव, त्यापलीकडे सूर्य. घारी माझ्या खाली उडतात! खाली मी कोण? भांडुपच्या टेकडीवर दहा बाय बाराची खोली, पाण्याची रांग, सोसायटीच्या मीटिंगला मागे उभा राहणारा एक सिद्धेश. इथे वर मला कुणी काही विचारत नाही. इथून निघावंसंच वाटत नाही. डोकं रिकामं होतं आणि त्या रिकाम्या डोक्यानेच मी शिडी उतरायला लागतो.

म्हणजे जे मला सगळ्यात आवडतं त्यानेच घात केला. हे भाऊंना कुठल्या तोंडाने सांगू? हसतील.

ब्रेक सोडला. ६.२०.

१९ मार्च

शिडीवर हाताला घाम. चौदा वर्षांत पहिल्यांदा. चढताना नाही, उतरताना. प्रत्येक पायरीला एकच – सोडला का? सोडला का? आज बेचाळिसाव्या मजल्यावरून परत वर चढलो. सोडलेला होता.

२ एप्रिल

काल दोनदा परत चढलो. लिफ्टवाला बघत होता. "काय राहिलं, सिद्धेशभाऊ?" डबा राहिला म्हणालो. डबा हातातच होता.

१४ एप्रिल

जयंती. खाली निळे झेंडे, ढोल इथपर्यंत ऐकू आले. माणिकची बायको कमल पांढऱ्या साडीत दारात उभी होती. खरं तर मला एक पांढरा ठिपकाच दिसतो. पण ती खोली मी झोपेतही दाखवीन. रोज तिच्या पत्र्यावर कपडे, उन्हाळ्यात कुरडया. तिला मी कधी भेटलेलो नाही. संध्याकाळी माणिकने वॉकीवर सांगितलं, "कमलने तुझ्यासाठी खीर ठेवलीय, उतरताना घेऊन जा." गेलो नाही. कसा जाणार?

ब्रेक सोडला. ६.००.

२५ एप्रिल

घरूनही क्रेन दिसते, माळ्याच्या खिडकीतून. रात्री जेवून तिथेच उभा. फिरतेय का? फिरली की झोप. वारा पडलेला असला की मेलो, कारण वारा नसेल तर सुटलेली क्रेनही हलत नाही. सुगंधा वैतागलीय. "सारखो थंयच बघतस! थंय काय ठेवलंस?" तिला एवढंच सांगितलं, फिरते आहे म्हणजे सगळं ठीक. आता तीही बघते आणि सांगते, "फिरली रे तुजी क्रेन, झोप आता." तिला वाटतं मला कौतुक आहे.

३० एप्रिल

वाट लागली. आज पेन हातात होतं, 'ब्रेक सोडला' लिहिलं, वेळ घातली, वही बंद केली – आणि दांडा वर! मी आधी लिहितो आणि मग करतो. किती दिवस असं चाललंय? मागची पानं उलटली. सगळीकडे सोडला, सोडला, सोडला. एका शब्दावर विश्वास ठेवता येत नाही. दुसऱ्याला फसवलं असतं तर निदान पकडलो तरी गेलो असतो.

भाऊंना सांगायला हवं. उद्या.

१ मे

सुट्टी.

३ मे

सांगितलं नाही. शिडी उतरताना सगळं बोलायची तयारी केली होती. भाऊ समोर आले तर म्हणालो, खुर्चीचा फोम फाटलाय.

१० मे, शनिवार

माणिक चारलाच गेला. कांदिवलीला लग्न आहे, उद्या दुपारी परत. शेवटची दोन लोडं नव्या माणसाने घेतली. नंतर बराच वेळ बसलो. तलाव अगदी तांब्याच्या परातीसारखा दिसत होता.

ब्रेक सोडला. ६.२५.

११ मे, रविवार, दुपारी ४

घरून लिहितोय. अंधारून आलं, धुळीचं वादळ आहे. शेजारच्यांचा पत्रा उडून गल्लीत पडला. सुगंधा खिडकीत होती. म्हणाली, "आज तुजी क्रेन फिरणा नाय?"

फिरत नाहीये! वारा एकदा इकडून, एकदा तिकडून, आणि बूम हलत नाही. कदाचित धुळीत नीट दिसत नसेल. वही काढली. ६.२५, सोडला. माझ्याच अक्षरात. त्याला काय चाटायचंय?

साडेचार

माणिकला फोन लावला. घरीच होता, दुपारी परत आलाय. मला म्हणायचं होतं – कमलला घे आणि आधी बाहेर पड, शेजाऱ्यांनाही काढ. तोंडातून निघालं, "पाऊस आहे का रे तिकडे?"

तिकडून पत्र्याचा आवाज येत होता. मग त्याने विचारलं, "सिद्धेश, सोडलायस ना?"

"हो," म्हणालो.

"बरं." ठेवला फोन.

परत लावला. उचलत नाही. परत. उचलत नाही. निघतोय. रिक्षा मिळो न मिळो.

रात्री ८

भांडुप स्टेशनच्या रस्त्यावर झाड पडलेलं, रिक्षातून उतरून धावलो. सोनापूरपर्यंत पोचलो तर वारा पडला. लांबूनच दिसलं. क्रेन उभी आहे! खोल्या उभ्या आहेत. पुढे गेलो नाही. तिथल्या तिथे फुटपाथवर बसून रडलो. माणसं दारुडा समजून बाजूने जात होती.

त्याला हो म्हणालो. त्याच्या बायकोच्या डोक्यावर क्रेन असताना मी हो म्हणालो!

१२ मे, सोमवार

दांडा खाली! सुटलेला! बूम फिरून पार खाडीच्या बाजूला गेलीय. म्हणजे शनिवारी मी सोडला होता. वही खरी बोलत होती, मीच वेडा. तीन महिने उगाच जळलो.

दांडा चिकट लागला. कुणीतरी ग्रीस जास्त चोपडलंय. फडक्याने पुसला.

माणिक आला नाही. बुद्धपौर्णिमा आहे. आज जाताना कमलकडे खीर मागायला जावं का? नको, उद्या. भाऊंना आता काही सांगायची गरज नाही. आज उतरताना हाताला घाम नव्हता.

ब्रेक सोडला. ६.१०.

१३ मे, मंगळवार

सकाळी वॉकीवर माणिक. "चल रे" नाही.

"सिद्धेश, रविवारी अडकलेला होता."

मी दांड्याकडे बघितलं.

"फेब्रुवारीत एका सकाळी बघितलं, बूम माझ्याच घरावर, आदल्या संध्याकाळी होती तिथेच. तेव्हापासून रोज दारात बसून बघतो. वारा असून हलली नाय की चढतो. कधी सुटलेला असतो. नव्हता असं तीनदा झालं, रविवार धरून. शनिवारी लग्नाला गेलो, बघायचं राहिलं." मग म्हणाला, "डोळे मिटून चढतो ना मी. शिडी हाताला लागते. ह्या वेळी दोन्ही तळव्यांची सालं गेली. मी कुणाला बोललो नाय. आता तू बोल."

ते ग्रीस नव्हतं.

भाऊंकडे चाललोय. परत इथे चढू देणार नाहीत. तलावाकडे बघितलं नाही.

ब्रेक सोडला. आधी सोडला, मग लिहिलं.