डावा घोटा, उजवी फिल्म

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (आठ अंगांपैकी एक सध्या चौकशीखाली आहे, तेवढं वजा करून स्वीकारावा.) तुझी प्रकृती कशी आहे हे विचारत नाही. तू ‘ठणठणीत’ म्हणणार, आणि तुझ्या त्या शब्दावरचा माझा विश्वास परवाच उडाला.

मुळापासून सांगतो. पाच वर्षांपूर्वी कोशाचा शेवटचा खंड कपाटावरून काढताना मी स्टुलावरून पडलो, आणि मला बघायला येताना तू दवाखान्याच्या उतारावरून पडलीस. (बंधुप्रेमाला सुद्धा काही मर्यादा असावी.) माझा डावा घोटा, तुझा उजवा. दोघांचीही कूर्चा, म्हणजे हाडाच्या टोकावरचं ते गुळगुळीत अस्तर, फाटली. दोघांवर एकाच सर्जनबाईंनी शस्त्रक्रिया केली. दोन वर्षांनी दोघांच्या घोट्यांच्या एक्स-रे फिल्म निघाल्या. मी माझी मुकाट दाखवून आलो. तू मात्र, ‘दुखत नाही, तर दाखवायचं काय कपाळ?’ असं विचारून तुझी फिल्म आमच्या गादीखाली सरळ राहायला ठेवून गेलीस. (तुझ्या भावजयीच्या राज्यात महत्त्वाची कागदपत्रं गादीखालीच नांदतात.)

मंगळवारी माझी पाच वर्षांची तपासणी होती. मला दुखत नाही, हे मी अभिमानाने सांगितलं. सर्जनबाई म्हणाल्या, अस्तर वरून भरून येतं, पण त्याखालचं हाड काय करतंय ते वर्षानुवर्षं बघावं लागतं; कधी कधी त्यात पोकळी धरते. मी विचारलं, दुखत नाही म्हणजे पोकळी नाही ना? तसं नाही म्हणाल्या. मग पोकळी असली की दुखेल? तसंही नाही! ताई, धुरावरून अग्नीचं अनुमान शिकवण्यात माझी हयात गेली. आणि या बाई शांतपणे सांगतात की डोंगरावर धूर नसतानाही अग्नी असू शकतो. तो शेकोटीचा की वणव्याचा, हे वर चढूनच कळेल.

मग त्यांनी नवी फिल्म उजेडावर लावली आणि शेजारी मी घरून आणलेली जुनी. जुनीत वाटाण्याएवढी पोकळी. नवीत काही नाही. बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. आणखी दोन डॉक्टर आले. मी काय खातो, किती चालतो, ऊन घेतो का, सगळं विचारून झालं. तुझ्या भावजयीने संधी साधली आणि हाड आपल्या देखरेखीमुळे भरल्याचं जाहीर केलं. (मला रोज दात घासताना एका पायावर उभं राहावं लागतं. बगळा पाहिला की हल्ली आपलेपणा वाटतो.) मी अर्धा तास वैद्यकीय चमत्कार होतो.

तो मोडला कोनमापकाने. म्हणजे तिथला व्यायाम शिकवणारा. भेटला की ‘कसे आहात’च्या आधी घोटा किती अंशांत वाकतो ते मोजतो. तो जुन्या फिल्मच्या कोपऱ्यातली खूण वाचून म्हणाला, “काका, हा तर उजवा पाय!” सर्वांनी माझ्या डाव्या घोट्यावरचा व्रण पाहिला, मग उजवा घोटा पाहिला, मग माझं तोंड पाहिलं. आद्याक्षरं तीच, पाय दुसरा. माझी मती गुंग झाली. पाय बदलल्याचं मला तरी आठवत नाही.

असो. वडीलमाणसांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. माझी जुनी फिल्म घरी गादीच्या दुसऱ्या बाजूला सापडली. ती स्वच्छ आहे. नानांनी आपल्या दोघांची नावं एकाच अक्षरावरून ठेवली, तुझं सासरचं आडनावही माहेरच्याच अक्षराचं निघालं, आणि फिल्मवर आद्याक्षरंच छापतात; उरलेलं अनुमान तुझं तूच कर. तो वाटाणा तुझा आहे, ताई, आणि तोही तीन वर्षांपूर्वीचा. सर्जनबाई म्हणतात, घाबरायचं कारण नाही, पण बघायला हवं. दुखत नसलं तरी. ‘दुखत नसलं तरी’ हे मी त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतलं, कारण तू काय म्हणणार ते मला ठाऊक आहे.

ता. ता. क. येत्या सोमवारी दहाची वेळ घेतली आहे. न्यायला मी येतो. दवाखान्याच्या त्या उतारावर माझा हात धर. कोणी कोणाला सावरलं याचा निवाडा वर पोचल्यावर करू.